आयरिश कागद जळाले, पण सगळे नाही

गेली काही वर्षं एक मजकूर व्हॉट्सॲपवर आणि फेसबुकवर फिरतोय. आयरिश वंशाच्या अमेरिकन घरांत तो जवळजवळ पाठ झालाय, आणि अशा घरात लेक दिलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांपर्यंतही पोचलाय. त्याचा मथितार्थ असा: १९२२ साली डब्लिनमध्ये आग लागून आयर्लंडचे सगळे जुने कागद जळाले, अमेरिकेत आलेल्यांची नावं न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावरच्या कारकुनांनी बदलून टाकली, आणि मुळात ही माणसं गरीब, निरक्षर, त्यांची नोंद कोण ठेवणार? तेव्हा आयरिश पूर्वज शोधायच्या फंदात पडू नका.

माझ्या विहीणबाईंनी तो मला पाठवला, तेव्हा खाली एकच ओळ लिहिली होती: "म्हणून आम्ही कधी शोधलंच नाही." ती ओळ मला फार लागली. नातवाच्या वंशावळीत आमची बाजू आठ पिढ्यांची आणि त्याच्या बापाची बाजू कोरी, हे मनाला पटेना. बॉस्टनला लेकीकडे राहून तीन वर्षं मी तिच्या सासरची माणसं शोधतेय. त्या अनुभवावरून सांगते, या मजकुरात थोडं खरं आहे, बरंच चुकीचं आहे, आणि त्या चुकीपायी लोक आपल्याच माणसांना मुकतायत.

आधी आगीचं बघू, कारण तो प्रकार खरोखर घडला. आयर्लंडमध्ये यादवी पेटली होती. इंग्लंडशी झालेला करार अमान्य असलेल्या गटाने एप्रिल १९२२ मध्ये डब्लिनची फोर कोर्ट्स ही न्यायालयांची इमारत ताब्यात घेतली. २८ जूनला सरकारी फौजेने तोफा डागायला सुरुवात केली आणि ३० तारखेला दुपारी प्रचंड स्फोट होऊन आवारातलं सरकारी दफ्तरखानं उद्ध्वस्त झालं. जळके कागद शहरावर उडत राहिले. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ च्या जनगणना (थोडे तुकडे सोडून), मूळ मृत्युपत्रं, चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट पंथाच्या निम्म्याहून जास्त पॅरिशांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, वह्या, सगळं गेलं. या नुकसानीला मी मुळीच कमी लेखत नाही.

पण त्या दफ्तरखान्यात काय नव्हतं, तेही बघायला हवं. कॅथलिक पॅरिशांच्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वह्या तिथे नव्हत्याच, त्या गावोगावच्या पाद्र्यांकडे होत्या. हजारांहून अधिक पॅरिशांच्या या वह्यांच्या मायक्रोफिल्म आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुलै २०१५ मध्ये इंटरनेटवर सर्वांना मोफत खुल्या केल्या. जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८६४ पासून आहे, कॅथलिक सोडून इतरांच्या लग्नांची १८४५ पासून. त्या वह्या दुसऱ्या कार्यालयात होत्या आणि सुखरूप आहेत. शिवाय १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे कागद सरकारनेच नष्ट करवले होते, आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्याला गेले. त्यांचं खापर आगीवर फोडता येत नाही. १९०१ आणि १९११ ची जनगणना मात्र घरटी फॉर्मसकट शाबूत आहे आणि घरबसल्या फुकट बघता येते.

जळालेल्या जनगणनेतलंही काही वाचलंय, आणि ते कसं वाचलं हे मला या सगळ्या शोधातलं सर्वांत हृद्य वाटतं. १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना वृद्धापकाळाचं पेन्शन सुरू झालं. वयाचा दाखला आणायचा कुठून? १८६४ पूर्वी सरकारी जन्मनोंदच नव्हती. मग म्हातारी माणसं अर्जात लिहायची: माझे आईबाप अमुक, आईचं माहेरचं नाव तमुक, आम्ही या गावात राहायचो, १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत मी सापडते का पाहा. कारकून दफ्तरात बघून शेरा मारायचे. मूळ जनगणना नंतर जळाली, पण हे अर्ज आणि त्यावरचे शेरे उरले. मागे राहिलेल्या बहिणीने पेन्शनसाठी भरलेल्या अर्जात अमेरिकेला गेलेल्या भावाचे आईबाप आणि गाव सापडू शकतं.

जमिनीचे कागद तर आपल्याला समजावून सांगायलाच नकोत. १८४७ ते १८६४ या काळात आयर्लंडभर ग्रिफिथचं मूल्यांकन झालं. कोण कुठली जमीन कसतो, मालक कोण, क्षेत्र किती, आकार किती. म्हणजे जवळपास सातबाराच. आणि त्यापुढच्या दुरुस्तीच्या वह्या म्हणजे आपले फेरफार. कसणारा बदलला की जुनं नाव रंगीत शाईने खोडून वर नवं नाव आणि साल लिहायचं. पुढच्या फेरीला शाईचा रंग दुसरा. विहीणबाईंच्या पणजीच्या घरच्या पानावर बापाचं नाव खोडून मुलाचं लिहिलेलं आम्ही पाहिलं आणि त्या सालाच्या आसपास मृत्यूची नोंद शोधली. दोन वर्षं मागे सापडली. वारसाचं नाव चढायला तिथेही वेळ लागायचाच.

आता एलिस बेट. हे स्थलांतरितांच्या तपासणीचं केंद्र उघडलं १ जानेवारी १८९२ ला. आयर्लंडचा मोठा दुष्काळ १८४५ ते १८५२ चा. त्या वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. ती एलिस बेटावर उतरणार कशी? न्यूयॉर्कला आली ती आधी धक्क्यावर आणि १८५५ पासून कॅसल गार्डन या तिथल्या जुन्या केंद्रात. बाकीची बॉस्टनला, न्यू ऑर्लिन्सला, क्यूबेकमार्गे. आणि पुढे एलिस बेटावरसुद्धा अधिकारी कोणाची नावं नव्याने लिहीत नसत. प्रवाशांची यादी जहाज कंपनी निघतानाच तयार करायची, इथे तिच्याशी ताडून प्रश्न विचारले जायचे.

लेकीच्या सासरीही "साहेबाने आडनावातला ओ कापला" अशी गोष्ट सांगतात. पणजी १८८६ साली थेट बॉस्टनला उतरली. आणि तिच्या १८६८ च्या जन्मनोंदीत, आयर्लंडमध्येच, ओ नाहीये. इंग्रजी अमलात असंख्य घराण्यांनी आडनावाआधीचे ओ आणि मॅक गाळले, पुढे आयरिश भाषेचं पुनरुज्जीवन सुरू झाल्यावर कित्येकांनी ते परत लावले. म्हणून शोधताना दोन्ही रूपं बघायची, आणि चर्चच्या लॅटिनमधल्या वह्यांत जेम्सचा याकोबुस व विल्यमचा गुलिएल्मुस होतो हेही ध्यानात ठेवायचं.

ऐकीव गोष्टीवर कितपत विसंबावं, याचा दाखला एलिस बेटावरच आहे. तिथून पहिली आत गेली ती आयर्लंडमधल्या कॉर्कची सतरा वर्षांची ॲनी मूर, दोन धाकट्या भावांबरोबर. ती टेक्सासला गेली आणि १९२३ मध्ये ट्रॅमखाली सापडून वारली, असं कित्येक वर्षं सगळे मानत होते. २००६ मध्ये मेगन स्मोलेन्यॅक या वंशशोधक बाईंनी कागदांवरून दाखवलं की टेक्सासची ॲनी मूर मुळात इलिनॉयमध्ये जन्मलेली, वेगळीच बाई होती. खरी ॲनी न्यूयॉर्क सोडून कधी गेलीच नाही. तिथेच तिचं लग्न झालं, बरीच मुलं झाली, त्यातली काही लहानपणीच गेली, आणि १९२४ मध्ये ती वारली. क्वीन्समध्ये तिच्या थडग्यावर दगडही नव्हता. तो २००८ मध्ये बसवला. इतकी प्रसिद्ध मुलगी, आणि तिला तिचं आयुष्य परत मिळालं ते जन्मनोंदी आणि जनगणनेच्या कागदांमुळे.

आमच्याकडे अशीच एक गोष्ट कॉर्कची होती. पणजी "कॉर्कची" असं चार पिढ्या ठरलेलं. कॉर्कजवळचं क्वीन्सटाउन, म्हणजे आजचं कोव्ह, हे मोठं बंदर. जिथून बोट धरली तेच गाव होऊन बसलं. मॅसॅच्युसेट्सच्या लग्ननोंदीत तिच्या आईबापांची नावं मिळाली, आणि तिच्या भावाच्या थडग्यावर पॅरिशचं नाव आणि मेयो परगणा कोरलेला सापडला. आयर्लंडमध्ये साठ हजारांवर टाउनलँड आहेत, आपल्या वाडीएवढाले. नुसतं 'आयर्लंड' किंवा परगण्याचं नाव घेऊन तिकडच्या वह्या उघडल्या तर हाती निराशाच येते, आणि मग दोष आगीला दिला जातो. आधी अमेरिकेतले कागद संपवा: लग्न, मृत्यू, थडगी, भावंडांचेसुद्धा. न्यूयॉर्कच्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेच्या जुन्या वह्यांत खातेदाराचं गाव, जहाज, आईबाप, भावंडं लिहिलेली आहेत. बॉस्टनच्या 'पायलट' वर्तमानपत्रात १८३१ पासून हरवलेल्या नातलगांच्या शोधाच्या जाहिराती छापून यायच्या.

राहिला गरिबांचा मुद्दा. एक गोष्ट कबूल: पश्चिम आयर्लंडमधल्या पुष्कळ पॅरिशांच्या वह्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपासच सुरू होतात, त्यामागे कुळांचा माग काढणं फार अवघड. पण त्यापुढे गरिबाची नोंद पदोपदी आहे. निराधारांसाठीच्या कामघरांत आहे, छोट्या फौजदारी कोर्टांत आहे, अगदी कुत्र्याच्या परवान्यातही आहे. १८६६ पासून कुत्रा पाळायला परवाना लागायचा, आणि त्या वहीत मालकाचं नाव, टाउनलँड आणि कुत्र्याचा रंगसुद्धा आहे.

पणजीच्या आईबापांचा १९०१ चा फॉर्म माझ्यासमोर आहे. बापाच्या नावापुढे 'वाचता येत नाही', भाषा 'आयरिश आणि इंग्रजी', आणि सहीच्या जागी फुली. आईचं वय ५८. दहा वर्षांनी, १९११ च्या फॉर्मवर ते ७१ आहे. मध्ये पेन्शन आलं होतं, आणि असे वाढलेले आकडे त्या सालच्या फॉर्मांवर घरोघर दिसतात.

१९११ ला लग्न झालेल्या बायकांना आणखी तीन गोष्टी विचारल्या होत्या: लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, आज किती हयात आहेत. तिचं उत्तर आहे ४९, ११, ८. विहीणबाईंना या आठांपैकी फक्त पणजी ठाऊक होती. आता पाच जणांची नावं आणि ठिकाणं मिळालीयत. उरलेल्या तिघांसाठी विहीणबाई दर शनिवारी माझ्या शेजारी येऊन बसतात आणि त्यांच्या पॅरिशची वही पान पान वाचतात.