पाचव्या वर्षाची गोष्ट

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अग्निवीर, म्हणजे फौजेतली चार वर्षांची भरती आणि नंतर चारातल्या एकालाच कायम, हा विषय निघाला की दोन दिवस दुसरं काही चालत नाही. मंडळी साताऱ्याकडची, घरटी एक तरी माणूस फौजेत, त्यामुळे प्रत्येक जण अधिकारवाणीने बोलतो. या वेळी निमित्त झालं चुलतभावाच्या मुलाचं. पोरगा पहाटे उठून ग्राउंड मारतोय, अकादमीची फी भरून झाली आहे आणि बाप विचारतोय, चार वर्षांनी घरी पाठवला तर पुढे काय? त्यावर एका मेहुण्यांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं, "अमेरिकेतही चारच वर्षांची भरती असते. तिथे कोणी रडत बसत नाही." मग सगळे माझ्याकडे वळले, कारण मी ओहायोतल्या डेटनला राहतो, आणि इथे दर दोन घरांआड हवाई दलाशी संबंध असलेला कोणी ना कोणी भेटतो.

मेहुणे म्हणाले ते खोटं नाही. इथेही पहिला करार साधारण चार वर्षांचाच असतो आणि पेन्शन हवी तर वीस वर्षं भरावी लागतात. बहुतेक पोरं त्याच्या खूप आधी बाहेर पडतात. पण त्यांचा दाखला इथेच संपतो. ज्याला राहायचंय तो पुन्हा सही करू शकतो. चारातल्या एकालाच ठेवायचं असा नियम नाही. बाहेर पडणाऱ्याने तीन वर्षं भरली असतील तर सरकारी विद्यापीठाची ३६ महिन्यांची पूर्ण फी आणि वर राहण्याचा भत्ता मिळतो. घर घेताना पदरचा एक डॉलर न घालता कर्ज मिळतं, कारण हमीदार सरकार असतं. जड ट्रक फौजेत चालवला असेल तर बाहेर व्यावसायिक लायसन्स काढताना रस्त्यावरची परीक्षा माफ होते. ही चार वर्षं आणि आपली चार वर्षं एकाच तागडीत घालायची असतील तर हेही घालायला हवं.

शेवटी मी ग्रुपवर एका जुन्या चित्रपटाचं नाव टाकलं. 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज', १९४६, दिग्दर्शक विल्यम वायलर. जवळपास तीन तासांचा, कृष्णधवल, आणि युद्धपट म्हणावा तर त्यात लढाई नावालाही नाही. दुसरं महायुद्ध संपलंय. तीन माणसं एका गावात परत येतात आणि चित्रपट तिथून सुरू होतो. गावाचं नाव बून सिटी, ते काल्पनिक आहे. सिनसिनाटीवरून बेतलंय असं म्हणतात, म्हणजे आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर.

तिघांत बँकवाला अल सैन्यात साधा सार्जंट होता. फ्रेड हवाई दलात कॅप्टन, बॉम्बर विमानाच्या नाकात बसून नेम धरणारा. तोच गावात मात्र औषधाच्या दुकानात सोडा-आइस्क्रीम देणारा पोऱ्या होता. तिसरा खलाशी होमर, त्याचे दोन्ही हात गेलेत. युद्धाने गावातली उतरंड उलटीपालटी केली होती. घरी आल्यावर ती जशीच्या तशी पुन्हा बसते. फ्रेडला फौजेत महिन्याला चारशे डॉलरच्या वर मिळत होते. त्याच दुकानात परत गेल्यावर आठवड्याला साडेबत्तीस, आणि त्याच्या हाताखालचा जुना पोरगा आता त्याचा साहेब. बॉम्ब टाकण्याचा अनुभव अत्तराच्या काउंटरवर कुठे चालणार?

मला मात्र बँकेतला प्रसंग सगळ्यात जवळचा वाटतो. नोव्हाक नावाचा एक परतलेला सैनिक चाळीस एकर जमिनीसाठी कर्ज मागायला येतो. तारण म्हणून त्याच्याकडे काही नाही. अल त्याच्याकडे बघतो, त्याला शेती येते हे ओळखतो आणि कर्ज मंजूर करतो. मग साहेब अलला बोलावून गोडीगुलाबीत समज देतात, की आपण ठेवीदारांच्या पैशाचे विश्वस्त आहोत वगैरे. पुढे मेजवानीत चार पेग पोटात गेल्यावर अल सगळ्यांदेखत साहेबांची फिरकी घेतो. टेकडी काबीज करायचा हुकूम आला तेव्हा आधी तारण द्या असं आम्ही म्हणायला हवं होतं, असा त्याचा सूर.

आमचे एक चुलते, तात्या, सतरा वर्षं शिपाईगिरी करून आले आणि साताऱ्यात एका बँकेच्या दाराशी बारा बोअरची बंदूक घेऊन उभे राहिले. आपल्याकडे माजी सैनिक म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो असा. त्यांचं पेन्शन चालू होतं, कँटीनचं कार्ड होतं, तक्रार करायचा त्यांचा स्वभावही नव्हता. पण फौजेत त्यांनी वायरलेस सांभाळला होता, आणि त्याबद्दल गावात त्यांना कोणी कधी विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. अग्निवीराला तर तात्यांचं पेन्शनही नाही.

होमरचं काम करणारा हॅरॉल्ड रसेल नट नव्हता. सैन्यात प्रशिक्षण देताना स्फोटकं हातात फुटून ६ जून १९४४ रोजी त्याचे दोन्ही हात गेले. पडद्यावर दिसतात ते त्याचे स्वतःचे लोखंडी आकडे. त्या आकड्यांनी तो काडी ओढतो, सिगारेट पेटवतो, लोक थक्क होतात. होमरला तेच नको असतं. रात्री तो आपल्या मैत्रिणीला, विल्माला, खोलीत नेतो आणि पट्टे सोडून आकडे उतरवून दाखवतो. आता मला पायजम्याच्या कोटाची बटणं लावता येत नाहीत, दार लागलं तर ते उघडता येत नाही, हे तो तिला सांगतो. तिला भुलवायला नव्हे, पळून जायचं तर आत्ताच जा म्हणून. ती शांतपणे बटणं लावते. वायलरने इथे काहीही भडक केलेलं नाही. तो स्वतः युद्धात हवाई दलासाठी माहितीपट काढत होता आणि विमानाच्या आवाजाने एका कानाने बहिरा होऊन परतला होता. त्याने चित्रित केलेलं 'मेम्फिस बेल' हे बॉम्बर विमान आज आमच्या डेटनच्या हवाई दल संग्रहालयात उभं आहे. तिकीट लागत नाही. त्याचं काचेचं नाक बघितलं तर त्यात एक माणूस गुडघे मुडपून जेमतेम मावेल असं वाटतं.

आपल्याकडे हे विषय नाहीत असं नाही. पुण्यात वानवडीला कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासूनच आहे, खडकीला पाठीचा कणा जायबंदी झालेल्या जवानांचं केंद्र आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गला पॅरालिम्पिकचं जलतरणातलं सुवर्णपदक घेऊन आले. त्यांच्यावर २०२४ मध्ये हिंदी चित्रपट आला तेव्हा आमच्याकडच्या मराठी मंडळींनी थेटरात टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. माणूस आहेच तेवढा मोठा. पण पदक न आणलेल्या, बटण लावायला आईला हाक मारणाऱ्या जवानावर आपण तीन तास खर्च करू का, अशी मला शंका आहे.

रसेलला त्या एकाच भूमिकेसाठी दोन ऑस्कर मिळाले. एक सहायक अभिनेत्याचं, दुसरं खास, युद्धातून आलेल्यांना धीर दिल्याबद्दल. १९९२ मध्ये त्यातली एक बाहुली त्याने विकली, बायकोच्या उपचारांसाठी पैसे हवे होते म्हणून. ६० हजार ५०० डॉलर आले. अमेरिकेत सैनिकांना कसा मान असतो याचे व्हिडिओ ग्रुपवर येतात, तेव्हा मला हा लिलाव आठवतो. विमानतळावर फौजींना आधी बोलावतात, ११ नोव्हेंबरला, माजी सैनिक दिनी, हॉटेलं फुकट जेवण घालतात, दुकानाबाहेर त्यांच्यासाठी राखीव पार्किंग असतं. हे सगळं खरं आहे. आणि वर्षाला सहा हजारांहून जास्त माजी सैनिक इथे आत्महत्या करतात, हेही खरं आहे. टाळ्यांना खर्च येत नाही.

खर्च आला तो परतणाऱ्या सैनिकांना शिक्षण, कर्ज आणि बेकारी भत्ता देणाऱ्या १९४४ च्या कायद्याला, ज्याला इथे जी. आय. बिल म्हणतात, आणि तो काही प्रेमाचा उमाळा येऊन झालेला नाही. १९३२ मध्ये पहिल्या महायुद्धातले हजारो सैनिक कबूल केलेला बोनस मागायला राजधानीत तळ ठोकून बसले होते. सरकारने त्यांच्यावर आपलंच सैन्य घातलं, रणगाडे आणि अश्रुधूर वापरून त्यांना हाकललं. आता दुसऱ्या महायुद्धातून सव्वा कोटीच्या घरात माणसं परतणार आणि पुन्हा तेच होणार, ही धास्ती होती. तरीही विरोध झालाच. बेकारी भत्ता दिला तर लोक ऐदी होतील, असं खासदार म्हणाले. शिकागो विद्यापीठाचे प्रमुख हचिन्स यांना कॉलेजांचे भटक्यांचे अड्डे होतील अशी भीती वाटली. प्रत्यक्षात आठवड्याला वीस डॉलरच्या त्या भत्त्यासाठी ठेवलेल्या रकमेचा पाचवा हिस्साही उचलला गेला नाही, आणि १९४७ पर्यंत कॉलेजात जाणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे माजी सैनिक होते.

आपल्याकडे अमेरिकेचा दाखला देणाऱ्यांनी आणखी एक पान वाचावं. कायदा सगळ्यांसाठी होता, राबवणार होत्या गावोगावच्या बँका आणि कचेऱ्या. १९४७ मध्ये मिसिसिपीत या योजनेतून तीन हजारांवर कर्जं दिली गेली, त्यांतली काळ्या सैनिकांना फक्त २. चित्रपटातही काळा सैनिक जवळजवळ दिसत नाही. अलसारखा अधिकारी समोर बसणं हे नोव्हाकचं नशीब होतं. असंख्यांच्या वाट्याला त्याचे साहेब आले.

म्हणून पुतण्याच्या बापाला मी एवढंच लिहिलं की भरती व्हावं की नाही हे मी सांगणार नाही, पोराची हौस मोठी आहे. योजना २०२२ ची, पहिली तुकडी त्याच वर्षाच्या अखेरीपासून आत गेली, म्हणजे तिची चार वर्षं २०२६ च्या शेवटी भरू लागतात. देशभक्ती कोणाची जास्त यावर भांडण्यापेक्षा ती पोरं परत येतील तेव्हा त्यांचं काय होतं ते नीट बघ. चार वर्षं भरल्यावर एकरकमी मिळणाऱ्या सेवा निधीचे व्याजासकट साधारण ११.७१ लाख मिळतील, त्यात निम्मी रक्कम त्याच्याच पगारातून कापलेली. आपल्या भागात तेवढ्यात किती गुंठे येतात ते तुला माहीत आहे, आणि घरात बहिणीचं लग्न आहे हेही. इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या पदवीत निम्मे श्रेयांक (क्रेडिट) फौजेतल्या प्रशिक्षणाचे धरतात, असं सरकार म्हणतं. तर ती पदवी चार वर्षांतच पुरी करून घे म्हणावं, बाहेर आल्यावर करू असं नको. निमलष्करी दलांत जागा राखीव ठेवल्यात, पण बाहेर पडणाऱ्या एका पोरामागे त्या किती ते आधी विचार. आणि तो आत गेल्यावर त्याला जे काम मिळेल, इंजिनाचं, रेडिओचं, गाडीचं, त्याचा बाहेर चालणारा दाखला कुठला मिळतो ते पहिल्याच सुट्टीत आला की विचारून ठेव.

मेहुण्यांनी यावर तिरंग्याचं चित्र टाकलं. चुलतभावाने विचारलं, तो चित्रपट हिंदीत आहे का.