पत्रिकेनंतर आता एएमएच?

सांगली-मिरजेकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपांवर सध्या एएमएच नावाच्या हार्मोनच्या रक्ततपासणीबद्दल एक मेसेज फिरतोय: "सोयरीक ठरवण्याआधी मुलीची एएमएच करा. १ च्या खाली आली तर मूल होणार नाही, ३ च्या वर असेल तर काळजी मिटली. मुलाचं टेस्टोस्टेरॉन नॉर्मल असलं की त्याच्यात दोष नाही." विश्रामबागेतल्या आमच्या लॅबमध्ये मी रोज रक्त काढते. परवा एक मावशी भाचीला घेऊन आल्या. "पत्रिका जुळली, आता एवढं रक्त बघा."

१ च्या खाली म्हणजे मूल नाही? साफ चूक. हे हार्मोन अंडाशयातल्या बारीक बीजकोषांतून येतं, त्यावरून अंड्यांचा साठा किती उरलाय याचा अंदाज येतो. पण दिवस राहायला एकच चांगलं अंडं पुरतं, आणि त्याचा दर्जा मुख्यतः वयावर ठरतो. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नसलेल्या, ३० ते ४४ वयाच्या सुमारे ७५० स्त्रिया होत्या. ०.७ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली एएमएच असलेल्यांना दिवस राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली नाही. आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या, इंजेक्शनांना अंडाशय किती साथ देईल हे ठरवायला ही तपासणी कामाची, सोयरिकीला नव्हे. शिवाय मेसेजमध्ये एककच नाही! नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमधलं १ पिकोमोल प्रति लिटरमध्ये साधारण ७ होतं.

३ च्या वरचं तर बोलूच नका. पीसीओएसमध्ये, म्हणजे पाळी बिघडवणाऱ्या हार्मोनांच्या त्रासात, एएमएच बऱ्याचदा जास्तच येतं, अन् तिथे अनेकदा पाळीचाच पत्ता नसतो. गर्भनलिका बंद असेल तर तेही या रक्तात दिसत नाही.

आता मुलगा. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, उत्तम असूनही वीर्यात एकही शुक्रजंतू नसू शकतो, त्यांची बाहेर यायची वाट बंद असली की झालं. पहिली तपासणी वीर्याची: २ ते ७ दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्रजंतू अशी आहे. संख्या फार कमी आली तर मग रक्तातलं एफएसएच (वृषणाला शुक्रजंतू बनवायला लावणारं हार्मोन) आणि टेस्टोस्टेरॉन. एफएसएच खूप वाढलेलं असेल तर बिघाड बहुधा वृषणातच.

आणि उलटी गंमत ऐका. अंग कमवायला काही पोरं जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतात. बाहेरून हार्मोन आलं की मेंदूच्या तळाची पियुषिका ग्रंथी एफएसएच आणि वृषणाला चालना देणारं दुसरं हार्मोन एलएच सोडणं आवरते, शुक्रजंतू तयार होणं मंदावतं, कधी पार थांबतं. बंद केल्यावर बहुतेकांचं पूर्ववत होतं, पण त्याला महिने लागतात. मेसेजच्या हिशेबात असा पोरगा एकदम पास!

मावशींना विचारलं, "मुलाची वीर्यतपासणी झालीय का?"

त्या चपापल्या. "अगं, पाव्हण्यांना असलं कसं विचारायचं?"