बलून लावला म्हणून रॅम वाढत नाही

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तीनदा आला. एकदा जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर, एकदा हिंजवडीतल्या मित्राकडून आणि तिसऱ्यांदा थेट आमच्या साहेबांकडून. साहेबांनी खाली एक ओळ जोडली होती: ‘अहो, हे आपल्याकडे का नाही?’

मेसेजचा गोषवारा असा. व्हर्च्युअल मशीनला (एका खऱ्या सर्व्हरवर चालणारा सॉफ्टवेअरमधला संगणक, म्हणजेच व्हीएम) रॅम मोजून द्यायचे दिवस संपले. बलूनिंग, म्हणजे चालू व्हीएमची रॅम काढून घ्यायची सोय, चालू करा आणि प्रत्येक व्हीएमला सढळ हाताने ६४ जीबी लिहून द्या. कुणाला किती हवी ते ही मशीनं चालवणाऱ्या हायपरव्हायजरला कळतं. तो इकडची काढून तिकडे देतो, ॲप्लिकेशनला पत्ताही लागत नाही. दिलेली रॅम कधीही परत घेता येते. मोठे क्लाउडवाले हेच करतात. तुमचे निम्मे सर्व्हर आजच बंद होतील.

साहेबांना चार ओळींत उत्तर जमेना, म्हणून ही लांबण. बलूनिंग खोटं आहे असं माझं म्हणणं नाही, मी ते रोज वापरतो. मेसेज वाचून मात्र वाटलं, लिहिणाऱ्याने ते चालू केलंय पण महिनाअखेरीला त्याच्यासमोर बसलेला नाही.

आधी ‘६४ जीबी लिहून द्या’. बलून म्हणजे गेस्टच्या, म्हणजे व्हीएममधल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, आत बसलेला एक ड्रायव्हर. कार्ल वाल्डस्पर्गर यांनी व्हीएमवेअर कंपनीच्या ईएसएक्स सर्व्हर या हायपरव्हायजरवरच्या २००२ सालच्या निबंधात ही युक्ती मांडली. होस्टला, म्हणजे खालच्या खऱ्या सर्व्हरला, रॅम हवी झाली की तो ड्रायव्हरला ‘फुग’ म्हणतो. ड्रायव्हर आपल्याच कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) पेजेस, म्हणजे रॅमचे छोटे तुकडे, मागतो, ती अडवून ठेवतो आणि होस्टला सांगतो की ही माझ्याकडे आहेत, यांच्यामागची खरी रॅम तू घे. हवा सोडली की पेजेस गेस्टला परत. म्हणजे बलून घेतो आणि घेतलेलं परत करतो, नवीन काही देत नाही. १६ जीबीवर बूट झालेल्या मशीनचा बलून पूर्ण रिकामा केला तरी रॅम १६च.

यावर मेसेजचं उत्तर म्हणजे सुरुवातीलाच ६४ लिहायचे. पण ते फुकट पडत नाही. लिनक्स प्रत्येक ४ केबीच्या पेजमागे साधारण ६४ बाइट हिशेबाची नोंद ठेवतो. ६४ जीबीला ही वहीच १ जीबीची होते, आणि ती बूट होतानाच मांडली जाते. मग बलून फुगवून तुम्ही त्या मशीनला ८ जीबीवर आणलंत, तरी वही ६४ चीच राहते. आठातला एक हिशेबनिसाला!

‘हायपरव्हायजरला कळतं.’ काय कळतं? कुठल्या पेजला हात लागला एवढंच. आत पगाराचा डेटा आहे की गेल्या आठवड्यात वाचलेल्या लॉग फाइलची कॅश (हाताशी ठेवलेली प्रत), हे बाहेरून दिसत नाही. लिनक्स रिकामी रॅम रिकामी ठेवत नाही, वाचलेल्या फाइलींनी भरून टाकतो. त्यामुळे चार दिवस चाललेलं कुठलंही मशीन बाहेरून गच्च भरलेलंच दिसतं. ईएसएक्स थोडी पेजेस यादृच्छिक उचलून त्यातल्या कितींना हात लागला यावरून अंदाज बांधतो. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये गेस्टच आपली गरज कळवतो आणि वर २० टक्के बफर धरला जातो. प्रॉक्समॉक्स ही व्हीएम सांभाळणारी प्रणाली होस्टची रॅम ८० टक्क्यांच्या आसपास राहील असं बघते. लिनक्सच्या नुसत्या केव्हीएम हायपरव्हायजरवर आणि तो हाताळणाऱ्या लिबव्हर्टवर यातलं कुणीही नसतं, तिथे ‘सेटमेम’ कमांड देणारे तुम्हीच. आणि हे सगळे अंदाज झाल्या गोष्टीचे. उद्या सकाळी दहाला काय होणार, ते कुणालाच दिसत नाही.

आता ‘ॲप्लिकेशनला पत्ताही लागत नाही’. या वाक्याची किंमत मी मोजलेली आहे.

आमच्या खराडीच्या ऑफिसात पगाराचं सॉफ्टवेअर एका व्हीएमवर चालतं. जावाचं आहे. व्हीएम १६ जीबीचं, त्यातला १२ जीबी हीप, म्हणजे जावाने डेटासाठी धरलेली रॅम. एका रात्री दुसऱ्या मशीनला जागा हवी होती, म्हणून मी याचा बलून फुगवून ते ८ जीबीवर आणलं. सगळं शांत. ‘फ्री’ कमांडमध्ये टोटलच्या खाली १६ ऐवजी ८ दिसले, स्वॅप, म्हणजे रॅममधून डिस्कवर काढून ठेवलेला भाग, थोडा वाढलेला दिसला आणि मी घरी गेलो. रात्री मशीनवर कुणी नव्हतंच, त्यामुळे थंड पडलेला हीप निमूटपणे डिस्कवर जाऊन बसला.

सकाळी दहाला अकाउंट्सवाल्यांनी पगार लावायला घेतला आणि जावाचा गार्बेज कलेक्टर, म्हणजे न लागणारी मेमरी झाडून काढणारा भाग, उठला. त्याचं कामच असं की जिवंत असलेल्या प्रत्येक वस्तूला हात लावून बघायचं. त्यासाठी स्वॅपमधून एक पेज आत आणायचं तर जागेसाठी दुसरं बाहेर घालवायचं, आणि बाहेर घातलेलंच पुढच्या क्षणी हवं. ‘व्हीएमस्टॅट’मध्ये स्वॅप-इन आणि स्वॅप-आउटचे रकाने ओसंडून वाहत होते, सीपीयू मात्र डिस्कची वाट बघत बसलेला. टीममधला एक मुलगा म्हणाला, ‘सर, सीपीयू तर रिकामा आहे, मग हँग का?’ तोवर अकाउंट्समधल्या मॅडम आमच्या दारात उभ्या होत्या.

मी घाईने बलूनची हवा सोडली. टोटल परत १६ झाली, मशीन मात्र लगेच सुधारलं नाही. स्वॅपमध्ये गेलेली पेजेस रॅम मोकळी झाली म्हणून आपण होऊन परत येत नाहीत, कुणी मागेल तेव्हा एकेक येतात. शेवटी ॲप्लिकेशन रीस्टार्ट केलं.

स्वॅप नसता तर रॅम संपली की प्रोसेस मारणारा लिनक्सचा ओओएम किलर आला असता, आणि तो बहुधा सगळ्यात मोठ्या प्रोसेसवर हात टाकतो. म्हणजे ज्या प्रोग्रामसाठी व्हीएम थाटलं त्याच्यावरच. अशा वेळी बलूनने आपण होऊन हवा सोडावी अशी सोय व्हीएम चालवणाऱ्या क्यूएमू या प्रोग्राममध्ये आहे, पण ती मुळात बंद असते, मुद्दाम चालू करावी लागते. मेसेजमध्ये तिचं नावही नाही.

उलट दिशेनेही तेच. रॅम वाढवली म्हणून प्रोग्राम ती वापरेल असं नाही. जावाची कमाल हीप सुरू होतानाच ठरते. पोस्टग्रेस डेटाबेसचे शेअर्ड बफर बदलायला रीस्टार्ट लागतो. मायएसक्यूएलचा बफर पूल ५.७ पासून चालू असताना बदलता येतो, पण तोही कुणी सांगितलं तर.

‘कधीही परत घेता येते.’ हातउसने पैसे दिलेल्या कुठल्याही माणसाला विचारा. चालू व्हीएमला वरून रॅम द्यायला हॉटप्लग असतो आणि द्यायला काही अडत नाही. घेताना बघा. एक्स८६ वर (नेहमीच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरवर) लिनक्स अशी रॅम सहसा १२८ एमबीच्या ब्लॉकमध्ये हाताळतो. ४ जीबीचा एक आभासी डीआयएमएम (रॅमची पट्टी) म्हणजे असे ३२ ब्लॉक. त्यातल्या एकाच ब्लॉकमध्ये कर्नलने स्वतःसाठी घेतलेलं, जागचं न हलणारं एकच पेज असलं तरी तो ब्लॉक ऑफलाइन होत नाही, आणि एक ब्लॉक अडला की अख्खा डीआयएमएम अडतो. ४ केबीने ४ जीबी धरून ठेवायचे! रॅम आधीपासून फक्त हलवता येणाऱ्या पेजेससाठी राखून ठेवली तर निघते, पण मग कर्नलला स्वतःच्या कामासाठी ती वापरता येत नाही.

हा त्रास कमी करायलाच व्हर्टिओ-मेम आलं, २०२० मध्ये, लिनक्स ५.८ आणि क्यूएमू ५.१ मध्ये. तेव्हा रेड हॅटमध्ये असलेल्या डेव्हिड हिल्डनब्रँड यांचं हे काम. त्यात काही एमबींच्या लहान तुकड्यांत देवघेव होते, अख्खा डीआयएमएम अडत नाही. माझ्या मते सध्या हाच सगळ्यात सरळ रस्ता आहे. तरी तिथेही होस्ट ‘इतकी कर’ अशी विनंती करतो आणि गेस्ट जमेल तेवढी परत देतो. आणि व्हीएमला जीपीयू थेट जोडलेला असेल तर बलूनचा विषयच संपला. डीएमए, म्हणजे जीपीयूने सीपीयूला वगळून रॅममध्ये थेट लिहिणं-वाचणं, कुठेही होऊ शकतो म्हणून त्या गेस्टची सगळी रॅम होस्टवर खिळवून ठेवतात.

‘क्लाउडवाले हेच करतात.’ मायक्रोसॉफ्टचं ‘सेंट्रल इंडिया’ नावाचं अझूर रीजन इथे आपल्या पुण्यातच आहे. तिथलं चालू व्हीएम एका साइझवरून दुसऱ्यावर नेलं की ते रीस्टार्ट होतं. ॲमेझॉनच्या ईसी२ मध्ये इन्स्टन्स (म्हणजे व्हीएम) थांबवूनच टाइप बदलता येतो. गुगलच्या ई२ मशीनमध्ये बलून असतो, हे खरं. पण एका मालिकेवरून ‘सगळे हेच करतात’ म्हणणं जरा जास्तच झालं.

राहिले निम्मे सर्व्हर. पुण्यात ‘गुरुवारी पाणी बंद’ अशी बातमी आली की बुधवारी संध्याकाळी काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. एरवी ज्या टाकीवर सोसायटी आरामात चालते, तीच टाकी त्या संध्याकाळी आटते, कारण पिंप, बादल्या, कुकर, सगळं एकाच वेळी भरलं जातं. ओव्हरकमिटचा, म्हणजे असलेल्यापेक्षा जास्त रॅम वाटण्याचा, हिशेब ‘सगळे एकदम मागणार नाहीत’ यावर उभा असतो. कंपनीत सगळे एकदमच मागतात, पगार महिनाअखेरीला आणि बॅकअप रात्री एकच्या ठोक्याला.

त्याहून वाईट वेळ म्हणजे वीज जाऊन आल्यावर सगळी व्हीएम एकदम बूट होणं. विंडोज गेस्ट बूट होताना मोकळी पेजेस शून्यांनी भरत जातो, म्हणजे प्रत्येकाला हात लावतो, आणि बलूनचा ड्रायव्हर तर अजून लोडच झालेला नसतो. परत मागायचं कुणाकडे? हायपर-व्हीत डायनॅमिक मेमरी २०११ मध्ये विंडोज सर्व्हर २००८ आर२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकबरोबर आली. लगेच पुढच्या २०१२ च्या आवृत्तीत स्मार्ट पेजिंग घालावं लागलं, कारण आक्रसलेलं व्हीएम रीस्टार्ट करायला लागणारी रॅम होस्टवर उरलेली नसायची. तेवढ्यापुरती डिस्क वापरून ते उभं करायचं.

साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर आता देतो. आपल्याकडे टेस्टिंगची मशीनं दिवसातून दोन तास चालतात आणि बाकी वेळ रॅम धरून बसतात. त्यांच्यावर फ्री पेज रिपोर्टिंग चालू करतो. ते लिनक्स ५.७ पासून आहे. त्यात गेस्ट स्वतःच सांगतो की ही पेजेस माझ्याकडे मोकळी आहेत, होस्ट ती घेतो आणि गेस्टने परत हात लावला की देतो. कुणी कुणाला दाबत नाही आणि टोटलही बदलत नाही. फाइल कॅशमध्ये अडकलेली रॅम यातून सुटत नाही, कारण गेस्टच्या लेखी ती मोकळी नसते. पगाराचं व्हीएम १६ जीबीवरच राहील, बलूनशिवाय. एखादा सर्व्हर खरंच कमी होतो का, ते पुढच्या महिनाअखेरीचे आकडे बघून सांगेन असं साहेबांना कळवलं आहे.