तटावर बसलेला मारुती

आमच्या बिल्डिंगमधला नववीतला मुलगा परवा संध्याकाळी वही घेऊन घरी आला. "काका, गॅदरिंगला एकपात्री करायचंय. 'जगावं की मरावं' बसवून द्याल?"

मला पटकन हो म्हणवेना. ते स्वगत मीही शाळेत केलंय, टाळ्या घेतल्यात. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' 1970 साली रंगभूमीवर आलं, तेव्हापासून किती पोरांनी खांद्यावर शाल टाकून आवाज घोगरा केला असेल! ते स्वगत मोठंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच नाटकात बूटपॉलिश करणारा एक राजा आहे. सगळं गमावून रस्त्यावर आलेल्या अप्पांना तो जीव लावतो. गॅदरिंगला राजा करणारा मुलगा मी आजवर पाहिलेला नाही.

मरणाच्या उंबरठ्यावरचा नायक आपल्याला तोंडपाठ असतो. तिथून तो मागे कसा फिरला, ते मात्र आपण वाचतच नाही. आणि त्यातही बलिदान आणि हताशा यांची आपण फार सहज गल्लत करतो. माझं सगळं म्हणणं याच गल्लतीबद्दल आहे आणि त्यासाठी मला मारुतीबद्दल बोलायचंय.

हो, मारुतीबद्दल. शनिवारी ज्याला आपण तेल आणि रुईच्या पानांची माळ घालतो, त्याच्याबद्दल. वाल्मीकींच्या सुंदरकांडाचा तेरावा सर्ग काढून बघा. समुद्र ओलांडून झालाय, लंका पालथी घालून झालीय, रावणाचं अंतःपुरसुद्धा शोधून झालंय. सीता कुठेच नाही. मारुती लंकेच्या तटावर, म्हणजे तटबंदीच्या भिंतीवर येतो आणि त्याच्या डोक्यात विचारांचं चाक फिरायला लागतं. सीता मेलीच असेल. हे मी रामाला सांगितलं तर राम जगणार नाही. राम गेला की लक्ष्मण जाईल. मग भरत, मग शत्रुघ्न, मग तिन्ही माता. इकडे सुग्रीव, रुमा, तारा, अंगद. शेवटी सगळे वानर. एका वाईट बातमीतून तो दोन राजघराणी मनातल्या मनात संपवतो. आणि निष्कर्ष काय काढतो? मी परत गेलोच नाही, तर निदान आशेवर तरी ते सगळे जगतील.

हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. कारण हा भित्र्या माणसाचा विचार नाही. यात स्वतःची कीव नाही. आपण नाहीसं होणं हे दुसऱ्यांवर उपकार आहेत, अशी त्याची प्रामाणिक खात्री झालेली आहे. हताशा अशीच येते, त्यागाचं उपरणं पांघरून.

मला हे माहीत आहे, कारण मी त्या तटावर बसलोय. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करत होतो तेव्हाची गोष्ट. चौथ्यांदा यादीत नाव नव्हतं. सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीत मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला होता. खोलीभाडं, मेस, अभ्यासिका, फॉर्मची फी. बाबा दर महिन्याला साडेसहा हजार पाठवायचे. त्याखाली रेघ ओढून मी लिहिलं होतं, 'मी नसलो तर वाचतील.' लिहिताना मला रडू आलं नव्हतं. उलट घरासाठी आपण काहीतरी चांगलं करतोय असं वाटलं होतं. ते वाटणंच सगळ्यात भयंकर होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

मारुतीच्या मनात पुढे जे मार्ग येतात, ते मी इथे लिहीत नाही. वाल्मीकीही तिथे घुटमळत नाहीत. लगेच मारुती स्वतःशीच म्हणतो, 'विनाशे बहवो दोषाः', मरण्यात पुष्कळ दोष आहेत. 'तस्मात् प्राणान् धरिष्यामि', म्हणून मी प्राण धरून राहीन. धरून राहीन! जगलेल्याचं कधीतरी भलं होतं, एवढंच तो म्हणतो. जगण्यात आनंद आहे, आयुष्य सुंदर आहे, असलं काही तो बोलत नाही. तेवढी ताकद त्या क्षणी त्याच्यात नाहीच.

आणि मग त्याला मोठमोठ्या झाडांची एक बाग दिसते. तो म्हणतो, 'न हीयं विचिता मया.' ही मी अजून शोधलेली नाही.

एवढंच. कोणी देव प्रकट होत नाही, आकाशवाणी होत नाही. शोधायची राहिलेली एक बाग दिसते. अख्ख्या रामायणात मला याहून मोठी ओळ सापडलेली नाही.

माझी बाग म्हणजे मेसच्या मावशींचा फोन होता. "काल रात्री आला नाहीस, आज दुपारीही नाही. डबा भरून ठेवलाय. नेतोस का मी पोराला पाठवू?" त्यांना काहीही ठाऊक नव्हतं. मी उठलो, चप्पल घातली आणि डबा आणायला गेलो. बटाट्याची भाजी आणि तीन पोळ्या होत्या. रात्री वहीचं ते पान मित्राला दाखवलं. त्याने काही विचारलं नाही, सकाळी मला गाडीवर बसवून डॉक्टरांकडे नेलं. औषधं सुरू झाली, वर्षभर चालली. आज असं कुणी जवळपास नसेल तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फोन करा, मराठीतही बोलता येतं. तेव्हा तो नव्हता.

मला आणखी एक गोष्ट फार मोलाची वाटते. मारुती अशोकवनात जातो तेव्हा सीतासुद्धा जीव द्यायच्याच विचारात आहे. रावणाने दोन महिन्यांची मुदत दिलीय, राक्षसिणी छळतायत. झाडावर बसलेला मारुती विचार करतो, हिच्याशी संस्कृतात बोललो तर ही मला रावण समजून घाबरेल. म्हणून साध्या माणसांच्या बोलीत, हळू आवाजात, तिला ऐकू जाईल असं तो सांगायला लागतो. दशरथ नावाचा एक राजा होता... तो तिला उपदेश करत नाही, धीर धर म्हणत नाही. तिच्याच माणसांची गोष्ट तिला सांगतो. थोड्या वेळापूर्वी स्वतः तटावर बसलेल्या माणसालाच हे सुचू शकतं, असं मला वाटतं.

पुढे राम शरयूत उतरतो, सीता धरणीच्या पोटात जाते, हे मला माहीत आहे. ते मला सोडवता आलेलं नाही आणि त्यावर घाईने काही लिहिणारही नाही.

त्या मुलाला मी तेरावा सर्ग मराठीत करून दिला, सहा मिनिटांचा. आधी तो नाराज होता. "काका, मारुती कुठे असं बोलतो?" मग वाचत गेला, मध्येच गप्प झाला आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला. काल जिन्यात तालीम चालली होती. शेवटच्या ओळीला त्याने हात वर करून आवाज चढवला आणि माझ्याकडे बघितलं.

"इथे चढवू ना?"

"नको रे, इथे अगदी हळू. त्याला आत्ता कुठे झाडं दिसतायत."