हिटर कशाला लावलाय?

खालच्या मजल्यावरच्या काकांनी काल येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं की माझी व्हॅन त्यांनी दुरुस्त केली. तेव्हापासून व्हॅन गार आहे आणि मी तापलोय.

झालं होतं एवढंच, की चढ आला की टेंपरेचरचा काटा लाल रेघेकडे सरकायचा. कूलंट म्हणून, म्हणजे इंजिन गार ठेवायला, आत जे होतं ते तांबूस आणि गढूळ. आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं त्यात नळाचं पाणी मिसळलं असणार. त्यातल्या क्षारांचा आत थर बसतो, लोखंड गंजतं, हे पाणी गार करणाऱ्या रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतात. एका गॅरेजवाल्यानं तर टोपणसुद्धा न उघडता "अख्खा रेडिएटर बदला" असं सुनावलं होतं. म्हटलं, आधी धुऊन तर बघू.

रेडिएटरच्या तळाशी पाणी सोडायची एक प्लास्टिकची फिरकी असते. तिथं हात पोचायला मनगटाला आणखी एक सांधा लागतो. ती एकदाची फिरली, पहिला लोट थेट माझ्या बाहीत शिरला, आणि नेमका तेव्हाच वरून आवाज आला.

"गळतंय."

गाडीखालून मला फक्त चपला दिसत होत्या.

"गळत नाहीये काका, मीच सोडलंय."

"अहो गळतंय. हे काय!" चपलेतला अंगठा ओघळाच्या दिशेनं हलला.

"कूलंट बदलतोय."

"मग सीट कशाला उचललीय?"

"इंजिन सीटखाली आहे."

चपला गेल्या, बघून परत आल्या. "म्हणजे तुम्ही इंजिनावर बसता?"

"सीटवर बसतो."

"सीट कशावर आहे?"

मी बादलीकडे लक्ष दिलं.

पुढचा भाग नुसता चिकाटीचा. स्वच्छ पाणी भरायचं, इंजिन चालू करायचं, गार होऊ द्यायचं, सोडायचं. पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा तेच. यात हिटर पूर्ण गरमवर ठेवावा लागतो. त्याचाही एक छोटा रेडिएटर असतो, आणि त्याची वाट बंद राहिली तर तिथली घाण तिथंच. शिवाय थर्मोस्टॅट, म्हणजे उष्णतेनं उघडणारी झडप, उघडेपर्यंत थांबावं लागतं. तो साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो. तोवर मोठ्या रेडिएटरकडे पाणी जवळजवळ जातच नाही. म्हणून मी भर उकाड्यात, हिटर लावून, काट्याकडे बघत बसलो होतो. काच वाजली.

"थंडी वाजतेय?"

"नाही."

"मग हिटर कशाला लावलाय?"

मी सगळं सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे गाडी तापते म्हणून तुम्ही ती तापवताय."

यावर काय बोलणार? शब्दाशब्दानं खरं होतं.

"तो थर्मोस्टॅट काढून फेका," काका म्हणाले. "आमच्या गाडीचा काढला होता. पुन्हा म्हणून तापली नाही."

"कुठाय ती गाडी आता?"

"विकली. पेट्रोल फार खायची."

थर्मोस्टॅट काढला की इंजिन नीट गरमच होत नाही आणि इंधन जास्त जाळतं, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

मला एक कळत नाही. माणूस बँकेचा फॉर्म भरत असला तर कुणी त्याच्या खांद्यावरून डोकावत नाही. पण इंजिन उघडं दिसलं की वाटेनं जाणारा प्रत्येक जण वस्ताद. बरं, त्या पान्यासाठी हात पुढं कुणी करत नाही. सल्ल्याला हात लागत नाहीत ना.

त्यात कूलंटच्या रंगांचा घोळ. हिरवं, गुलाबी, निळं, केशरी. आणि रंगावरून आतलं रसायन ओळखता येईल म्हणावं तर तेही नाही. प्रत्येक कंपनीचा रंग तिच्या मर्जीचा. भलती दोन एकत्र झाली तर आत चिकट साका धरू शकतो. गाडीसोबतच्या पुस्तकात लिहिलंय तेच आणायचं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मंनिम्मं करायचं, एवढं साधं वाक्य डब्यावर मोठ्या अक्षरात छापायला यांचं काय जातं?

शेवटी हवा काढली. इंजिन मध्ये आणि रेडिएटर पुढं, म्हणजे पाइप लांबलचक, आणि त्यात हवा अडकली की सगळी मेहनत पाण्यात. गाडीचं नाक चढाकडे करून बुडबुडे थांबेपर्यंत उभा राहिलो. मग टोपण लावलं. तेवढ्यात मागून "घट्ट लावा हं" असा आवाज आला. त्या टोपणाचं काम मोठं आहे. ते आत दाब धरून ठेवतं, म्हणून साधं पाणीसुद्धा 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं. काटा मध्यावर येऊन थांबला आणि काका म्हणाले, "बघा, टोपणच सैल होतं." झाली यांची दुरुस्ती.

आवराआवर चालली होती. पहिल्यांदा काढलेला गढूळ माल मी झाकणाच्या कॅनमध्ये ओतत होतो.

"टाकून देऊ नका," काका म्हणाले. "माझ्या कुंड्यांना होईल."

"काका, यात इथिलीन ग्लायकॉल असतं. विष आहे ते. चवीला गोड, म्हणून मांजरं-कुत्री चाटतात आणि मरतात. गटारातसुद्धा ओतायचं नसतं."

काका दोन पावलं मागं सरकले. कॅनकडे बघितलं, व्हॅनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आणि तुम्ही यावर बसता?"