वॉरंटी स्कोपला असते, झीरोला नसते

विस्कॉन्सिनमध्ये हरणांचा नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. तो जवळ आला की आमच्या ओळखीच्या मराठी शिकारी मंडळींत स्कोपबद्दल, म्हणजे रायफलीवर बसवायच्या नेमाच्या दुर्बिणीबद्दल, एक मजकूर हमखास फिरतो: "स्कोप घ्यायचा तर महागच घ्या. लाइफटाइम वॉरंटी म्हणजे कंपनीला मालाची खात्री आहे. नायट्रोजन भरलेला असला की वाफ धरत नाही. मॅग्नमवर (जादा ताकदीच्या काडतुसाच्या रायफलीवर) टिकला तो कशावरही टिकतो. एवढं करूनही नेम हलला, तर स्कोप गेला समजा." प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे, आणि पंचाईत तिथेच आहे.

वॉरंटी मोडल्यानंतरचं बोलते. मोडणारच नाही असं ती कुठे म्हणते? बदलून द्याव्या लागणाऱ्या नगांचा खर्च कंपनीने किमतीत आधीच धरलेला असतो, म्हणून स्वस्तातल्या स्कोपच्या डब्यावरही 'लाइफटाइम' छापलेलं सापडतं. स्कोप सोमवारी बिघडला तर कुरिअरने गेलेला परत येईपर्यंत नऊ दिवस उलटलेले असतात.

किमतीचं म्हणाल तर जादा पैशांतला बराच वाटा काच आणि तिच्यावरच्या कोटिंगमध्ये जातो. तिन्हीसांजेला झुडपातली शिंगं ओळखू येतात ती त्यामुळेच, हे मान्य. पण झीरो, म्हणजे नेम धराल तिथेच गोळी लागावी म्हणून केलेली जुळणी, टिकतो आतल्या यंत्रणेवर. मुख्य नळीच्या पोटात आणखी एक बारीक नळी असते, एका टोकाला बिजागरीसारखी अडकवलेली. वरचा किंवा बाजूचा नॉब फिरवला की स्क्रू तिला ढकलतो आणि समोरून एक स्प्रिंग तिला त्या स्क्रूवर दाबून धरते. ही स्प्रिंग कमजोर असली तर काच कितीही लखलखीत असो, दर बारानंतर नळी जराशी वेगळ्या जागी बसते. दुकानात डोळा लावून हे कळायचं नाही. 'इतक्या जी-चा धक्का सोसतो' या जाहिरातीतूनही नाही, कारण तो धक्का किती वेळ, कोणत्या दिशेने, किती वेळा दिला आणि त्यानंतर झीरो जागेवर होता का, हे तिथे लिहिलेलं नसतं.

मॅग्नमचा दाखला तर साफ चुकीचा. स्प्रिंगच्या एअरगनचा धक्का खांद्याला फारसा जाणवत नाही, पण तो दुहेरी असतो. पिस्टन पुढे सुटतो तेव्हा बंदूक मागे येते. तो सिलिंडरच्या टोकाशी थांबतो तेव्हा ती झटक्यात पुढे जाते. काडतुसाच्या रायफलीसाठी बनवलेल्या बऱ्याच स्कोपमध्ये भिंगं एकाच दिशेचा धक्का धरून बसवलेली असतात, आणि असे स्कोप या उलट झटक्याने खिळखिळे होतात. महाराष्ट्रात पॉइंट १७७ इंची छऱ्याच्या, स्प्रिंगच्या एअरगनवर निशाणेबाजी करणाऱ्यांनी (शिकारीचा तिथे प्रश्नच नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे) हा सल्ला अजिबात मनावर घेऊ नये.

आता 'नेम हलला म्हणजे स्कोप गेला'. यात मी स्वतः फसलोय. दुसऱ्या वर्षी मचाणावरून सत्तर यार्डांवरचा नर चुकला. रेंजवर कागदावर पाहिलं तर गोळ्या पाच इंच डावीकडे. स्कोप काढून कंपनीला पाठवला. दोष नाही म्हणून परत आला. परत बसवताना बेसचा (रायफलीवर स्क्रूने बसणारी पट्टी, तिच्यावरच्या रिंगांत स्कोप धरलेला असतो) पुढचा स्क्रू नुसत्या बोटांनी फिरला. बेसखाली रायफलीच्या काळ्या रंगावर घासल्याची चकचकीत रेघ उमटली होती आणि आट्यांना कारखान्यातलं तेल तसंच होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी! शिवाय मी हलक्या रायफलीवर जाडजूड स्कोप चढवला होता. स्कोप जितका जड, तितका प्रत्येक बाराला रिंगा-बेसवर ताण जास्त. नाकापेक्षा मोती जड झाला की सोसायचं नाकालाच. तेव्हापासून आटे पुसून घेतो आणि रिंगचे स्क्रू टॉर्क ड्रायव्हरने आवळतो. बरेच उत्पादक १५ ते २० इंच-पाउंड सांगतात. मनगटाच्या अंदाजाने आवळलं तर एकतर ढिलं राहतं, नाहीतर नळी दबते. प्रत्येक स्क्रूवरून रिंगवर बायकोच्या नेलपॉलिशची बारीक रेघ ओढतो. रेघ तुटली की स्क्रू हलला.

स्क्रू पक्के असूनही शंका असेल तर १०० यार्डांवर चौकोन मारून बघा. नॉबचा एक क्लिक पाव एमओएचा असेल (एमओए हे कोनाचं माप, १०० यार्डांवर एका इंचाहून किंचित जास्त) तर एक बार, मग ४० क्लिक वर, ४० उजवीकडे, ४० खाली, ४० डावीकडे, प्रत्येक ठिकाणी एक बार, आणि नेम कायम त्याच ठिपक्यावर. चौकोनाची बाजू साधारण साडेदहा इंच यायला हवी आणि शेवटची गोळी पहिल्या भोकाजवळ पडायला हवी. पडली नाही तर खुशाल स्कोपला शिव्या द्या.

राहिला नायट्रोजन. मार्कस ल्युपोल्ड यांचं हरीण वाफ धरलेल्या स्कोपमुळे हुकलं आणि म्हणून आपण १९४७ मध्ये स्कोप बनवायला घेतले, असं ल्युपोल्ड कंपनी सांगते. हवेत तसाही ७८ टक्के नायट्रोजन असतो. फायदा आत भरलेला वायू कोरडा असण्याचा. त्याने आतून दव धरत नाही, एवढंच. बाहेरच्या काचेला हे लागू नाही. उणे दहात दिवसभर राहिलेली रायफल गरम केबिनमध्ये आणा, दोन्ही भिंगं क्षणात पांढरी होतात, आणि ते पाणी न पुसता पहाटे बाहेर पडलात तर त्याचाच बर्फ होतो. माझी रायफल हंगामभर कुलूपबंद पेटीत थंड गॅरेजमध्येच झोपते.