सरपंचपदाची बोली आणि खर्चाची नोंदवही

उमराण्याचा लिलाव आपण फार लवकर विसरलो. नाशिक जिल्ह्यातल्या देवळा तालुक्यातलं हे कांद्याच्या बाजारपेठेचं गाव. २०२० च्या अखेरीस, ग्रामपंचायत निवडणुकीच्या तोंडावर, तिथं सरपंचपदासाठी जाहीर बोली लागली आणि २ कोटी ५ लाखांवर थांबली. त्याच सुमारास नंदुरबार तालुक्यातल्या खोंडामळीत बोली ४२ लाखांपर्यंत गेली. दोन्हीकडे सांगितलं गेलं की पैसा मंदिराला जाणार आहे. व्हिडिओ राज्यभर फिरले. राज्य निवडणूक आयोगानं अहवाल मागवले आणि मतदान दोन दिवसांवर आलेलं असताना, १३ जानेवारी २०२१ ला, दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली.

आयोगानं बरोबर केलं. पण त्या काळात, आणि अजूनही, चांगली शिकलीसवरलेली माणसं मला विचारतात, "पैसा देवळालाच जाणार होता ना? दारू-मटणात उडण्यापेक्षा बरं की. गावात भांडणं नाहीत, गटतट नाहीत, पोलीस बंदोबस्त नाही." हे बोलणं मला मनापासून घातक वाटतं. का वाटतं ते सविस्तर लिहितो, पोस्ट मोठी होणार आहे.

बोली लागते तेव्हा तिथं कोण बोलू शकतं, एवढंच बघा. मोठ्यातल्या मोठ्या गावात कोटीच्या पुढं बोलणारी घरं किती असतात? दोन, चार. बाकीचं गाव मंडपात बसून ऐकतं. दुसऱ्याच्या शेतावर रोजानं जाणारी बाई, वस्तीवरचा भूमिहीन माणूस, पंचविशीतली शिकलेली पोरं, यांच्या हातात पाच वर्षांतून एकदा जी गोष्ट येते ती त्यांना न विचारता दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्या कुणालातरी देऊन टाकलेली असते. मंदिर बांधलं जाईलही. पण ज्याच्या मताची किंमत घेतली गेली त्याला व्यवहारात धरलेलंच नव्हतं. त्याच निवडणुकीत काही आमदारांनी "गाव बिनविरोध करा, विकासनिधी देतो" अशा घोषणा केल्या होत्या. निधी जनतेच्या करातला, आणि तो मिळवायची अट अशी की जनतेनं मतदान करायचं नाही. याबद्दल कुणाला फारसं काही वाटलं नाही, हे मला बोलीपेक्षाही जास्त खटकलं.

आता जिथं बोली लागत नाही, रीतसर निवडणूक होते, तिथलं बघू. थेट सरपंचपदाच्या उमेदवाराला मोठ्या ग्रामपंचायतीत २०२५ पर्यंत खर्चाची मर्यादा होती १ लाख ७५ हजार. सदस्याला ५० हजार. गावाकडं राहणाऱ्या कुणालाही विचारा, एवढ्यात काय होतं. अर्ज भरल्यापासून ढाब्यावर टोकन सुरू होतात. पोरांच्या गाड्यांना पेट्रोलच्या चिठ्ठ्या. मुंबई, पुणे, सुरतेला कामाला गेलेल्या मतदारांसाठी गाड्या, त्यांचा येण्याजाण्याचा खर्च, बुडालेला रोज. वस्तीनिहाय याद्या, यादीवर खुणा, 'आपला', 'त्यांचा' आणि 'बघावं लागेल'. ज्यांच्यापुढं 'बघावं लागेल' लिहिलेलं असतं त्यांच्या घरी शेवटच्या दोन रात्रींत पाकीट जातं. पहिल्या पॅनेलनं पाचशे दिले की दुसऱ्याला हजार द्यावे लागतात. गावात चुरस असेल तर आकडा कुठं जाईल सांगता येत नाही.

माझ्या ओळखीतल्या एक ताई आहेत. बचत गटांचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं, बँकेत बायकांच्या बरोबर जाऊन बसल्या, रेशनकार्डाची कामं केली, ग्रामसभेत उभं राहून प्रश्न विचारले. पंचायत समितीचा गण, म्हणजे मतदारसंघ, महिलांसाठी राखीव निघाला तेव्हा सगळ्यांना वाटलं की ताईंनी उभं राहावं. तालुक्याच्या पुढाऱ्याकडं शब्द टाकायला गेल्या. त्यांनी चहा पाजला, कामाचं कौतुक केलं आणि विचारलं, "ताई, लावायला किती आहेत?" ताईंकडं लावायला काही नव्हतं. तिकीट एका ठेकेदाराच्या पत्नीला गेलं. निवडून आल्यावर बैठकांना कोण जातं हे सांगायची गरज नाही.

माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नात आहे. निवडणुकीतला पैसा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं पाचशेची नोट आणि ती घेणारा गरीब मतदार येतो. "लोकच विकले जातात, मग पुढारी काय करणार," असं म्हणून आपण मोकळे होतो. पण पैशानं खरं काम त्याच्या कितीतरी आधी केलेलं असतं. मतपत्रिकेवर कुणाचं नाव येणार हे त्यानं ठरवलेलं असतं. २०२४ च्या विधानसभेनंतर असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या निवडणुकांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेनं निवडून आलेल्यांची प्रतिज्ञापत्रं तपासली. २८६ आमदारांपैकी २७७ कोट्यधीश, म्हणजे शंभरात सत्त्याण्णव. त्याच वर्षी लोकसभेत ५४३ पैकी ५०४. जमिनीचे भाव वाढले, कोटी म्हणजे आता फार मोठी रक्कम राहिली नाही, हे मान्य. तरी ज्या राज्यात लाखो घरं दीड-दोन एकरांवर जगतात तिथं विधानसभेत त्यांच्यासारखी माणसं बोटांवर मोजण्याइतकी असावीत, हा योगायोग म्हणता येत नाही. मतदार त्या रात्री नोट परत करतोही. पण परत करून मत कुणाला देणार? समोर दोघेही लावणारेच.

आणि म्हणून नोट घेणाऱ्या बाईला शिव्या घालणं मला पटत नाही. लाच देणं आणि घेणं, दोन्ही कायद्यानं गुन्हा आहे, ते मी नाकारत नाही. पण तिला पाच वर्षांत व्यवस्थेकडून हातात मिळालेली ती एकमेव रोख रक्कम असते. बऱ्याच जणी दोन्हीकडून घेतात आणि मत मनाप्रमाणं देतात, हे पैसे वाटणाऱ्यालाही माहीत असतं. तो वाटतो कारण समोरचा वाटतोय.

कायदा काय करतो, ते आता बघू. लोकसभेच्या उमेदवाराला आपल्याकडं ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख अशी मर्यादा २०२२ पासून आहे. उमेदवाराला स्वतंत्र बँक खातं उघडावं लागतं. खर्चाची नोंदवही मिळते, तिच्यात रोजच्या खर्चाची पानं पांढरी, रोखीची गुलाबी, बँकेची पिवळी. जिल्हा निवडणूक कार्यालय दरपत्रक काढतं, चहा किती, वडापाव किती, खुर्ची, मंडप, ढोलपथक, प्रत्येकाचा दर ठरलेला. निरीक्षकांची छाया नोंदवही, म्हणजे त्यांनी स्वतः टिपलेल्या खर्चाची वही, वेगळी चालते. प्रचारकाळात वही किमान तीनदा तपासून घ्यायची आणि निकालानंतर तीस दिवसांत पूर्ण हिशेब द्यायचा. निवडणुकीच्या कामाला लागलेले कर्मचारी हे सगळं रात्रीचा दिवस करून सांभाळतात, त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण वडापावचा हिशेब लागतो आणि पाकिटांचा लागत नाही. खासदारांनी दाखवलेला सरासरी खर्च मर्यादेच्या साधारण साठ टक्के भरतो. सभेत पुढारी म्हणतात की मर्यादा फार तुटपुंजी आहे, आणि कागदावर त्यांच्याच माणसांना ती पुरून उरते.

गोपीनाथ मुंडे २०१३ मध्ये मुंबईतल्या एका कार्यक्रमात बोलून गेले की २००९ ची लोकसभा लढवायला आठ कोटी लागले. तेव्हा मर्यादा होती २५ लाख. आयोगानं नोटीस काढली, पुढं समज देऊन प्रकरण मिटलं. मुंडे आज नाहीत, आणि त्यांच्यावर दोष ठेवायला मी हे लिहीत नाही. सगळ्या पक्षांचे सगळे पुढारी जे जाणतात ते एक माणूस उघडपणे बोलला, आणि ती संधी आपण नोटिशीत घालवली. त्यावर त्याच महिन्यात सर्वपक्षीय चर्चा व्हायला हवी होती.

दुसरं प्रकरण अशोक चव्हाणांचं. २००९ ला भोकरमधून लढताना वृत्तपत्रांतून त्यांच्या कारभाराचं कौतुक करणारी पानंच्या पानं आली. वेगवेगळ्या वृत्तपत्रांत शब्दन्‌शब्द सारखा मजकूर छापून आल्याचं पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं. हिशेबात वृत्तपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च काही हजारांतच होता. हिशेब खरा आहे की नाही हे तपासायचा अधिकार आयोगाला आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०१४ मध्ये सांगितलं. आयोगानं जुलैत हिशेब नियमाप्रमाणं दिला नसल्याचं ठरवून अपात्र का करू नये अशी नोटीस त्यांना काढली, सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. ज्या निवडणुकीबद्दल हे सगळं चाललं होतं तिची मुदत तोवर संपत आली होती. निकाल कुणाच्याही बाजूनं लागो, पाच वर्षं लागणारी तपासणी कुणाला धाक घालणार?

या सगळ्याच्या मुळाशी एक जुनी गोष्ट आहे. १९७१ च्या दिल्ली सदर मतदारसंघाच्या वादात, कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर १९७४ मध्ये निकाल दिला की पक्षानं उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्याच हिशेबात धरायचा. अगदी सरळ न्याय. त्याच महिन्यात सरकारनं अध्यादेश काढला, नंतर कायदा केला, आणि पक्षाचा, मित्रांचा, समर्थकांचा खर्च मर्यादेबाहेर काढून टाकला. २००३ मध्ये दुरुस्ती होऊन मित्रांची वाट बंद झाली, पण पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला आजही मर्यादा नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या चाळीस स्टार प्रचारकांचा प्रवास, हेलिकॉप्टरसुद्धा, उमेदवाराच्या हिशेबात येत नाही. उमेदवाराचा एक खिसा शिवायचा आणि पक्षाचा सताड उघडा ठेवायचा, याला मर्यादा म्हणवत नाही.

पक्षाच्या खिशात पैसा कुठून येतो ते निवडणूक रोख्यांनी दाखवलं. जानेवारी २०१८ मध्ये आलेली, पक्षाला देणगी देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवणारी ही योजना १५ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं एकमतानं घटनाबाह्य ठरवली. स्टेट बँकेनं यादी दिली तेव्हा कळलं की सगळ्यात मोठा खरेदीदार लॉटरीच्या धंद्यातली फ्यूचर गेमिंग, १,३६८ कोटी, आणि दुसरी मेघा इंजिनिअरिंग, ९६६ कोटी. महाराष्ट्रासकट अनेक राज्यांतल्या सरकारी कामांवर मेघाच्या पाट्या लागलेल्या असतात. सगळ्यात मोठा वाटा केंद्रातल्या सत्ताधारी भाजपकडं गेला, आणि राज्याराज्यांतल्या सत्ताधाऱ्यांकडंही भरपूर गेला. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय देणग्या देण्याची परवानगी हवी होती, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी कायद्यापुढं इलाज नाही म्हणून ती दिली. पण हा धोका वाढत जाईल आणि लोकशाहीचा गळा घोटू शकेल, असा इशारा त्याच निकालपत्रात लिहून ठेवला. संसदेनं यात लक्ष घालावं, असंही त्यांचं म्हणणं होतं.

काहीच होणार नाही असं मी मानत नाही. सांगोल्यातून गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले, ते पाकिटांच्या जोरावर नव्हे. राजू शेट्टींच्या सुरुवातीच्या निवडणुकांत शिरोळ-हातकणंगल्याच्या शेतकऱ्यांनी मतासोबत नोटही दिली, 'एक नोट, एक व्होट'. त्यांचं पुढचं राजकारण पटो न पटो, ऊस उत्पादकांनी स्वतःच्या पैशानं खासदार केला ही गोष्ट घडलेली आहे. मतदार पैसे घेण्याऐवजी देतो तेव्हा निवडून आलेल्या माणसाला जाब विचारायचा त्याचा अधिकार वेगळाच असतो.

माझ्या मागण्या फार नाहीत. पक्षांच्या खर्चावर मर्यादा घाला. मोठी देणगी आठवड्याच्या आत, मतदानाआधी, नावासकट जाहीर करा. उमेदवाराचा हिशेब फक्त सरकारी यंत्रणेनं तपासू नये, स्वतंत्र लेखापरीक्षकानं तपासावा आणि खोटा निघाला तर सहा महिन्यांत निकाल लागावा. आणि पन्नास हजारांच्या वर रोकड सापडली म्हणून कांदा विकून घरी निघालेल्या शेतकऱ्याला नाक्यावर चार तास बसवून ठेवणं थांबवा. पाकिटांचा पैसा त्या नाक्यावरून जात नाही.

आपल्या हातात आहे ते आजही करता येतं. तुमच्या भागात ताईंसारखं कुणी उभं राहणार असेल तर अर्ज भरायच्या आधी त्यांना शंभर रुपये पाठवा आणि पावती मागा. दुसरं, निवडणूक आचार नियम १९६१ मधल्या नियम ८८ नुसार लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराचा खर्चाचा हिशेब एक रुपया शुल्क भरून कुणालाही बघता येतो, आणि ठरलेलं शुल्क भरून प्रतही घेता येते. मी आमच्या मतदारसंघातल्या पहिल्या तीन उमेदवारांचे २०२४ चे हिशेब मागायला या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज देतोय. मंडप, गाड्या आणि जेवणं या तीन रकान्यांवर मी आधी बोट ठेवणार आहे, कारण त्या सभांना आपण सगळे हजर होतो. तुमच्या मतदारसंघासाठी कुणी अर्ज करणार असेल तर खाली लिहा, अर्जाचा नमुना पाठवतो.